पक्षाचा उमेदवार की अंतरात्म्याचा कौल? राष्ट्रपती निवडणुकीतील पेचाचे मूळ बंगळुरूत

बंगळुरू : राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचा कार्यकाळ २४ जुलै २०२७ रोजी संपत आहे. पुढील राष्ट्रपती कोण, या प्रश्नाबरोबरच एक जुना प्रश्नही राजकीय पक्षांसमोर उभा राहणार आहे. पक्षाने दिलेला उमेदवार मान्य नसलेल्या खासदाराने किंवा आमदाराने मत कोणाला द्यावे? सप्टेंबर २०२५ मधील उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीने या प्रश्नाची आठवण करून दिली. विरोधी पक्षांनी आपले ३१५ खासदार मतदानाला उपस्थित असल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात त्यांचे उमेदवार बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मते मिळाली, सी. पी. राधाकृष्णन ४५२ मतांनी विजयी झाले आणि १५ मते बाद ठरली. कोणाचे मत कोठे गेले, हे कधीच कळणार नाही. मतदान गुप्त होते.

हा पेच सर्वांत तीव्र झाला तो १९६९ मध्ये, आणि त्याची सुरुवात बंगळुरूत झाली. राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निधन झाले. जुलैमध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन लालबागेतील ग्लास हाऊसमध्ये भरले. यजमान राज्य पक्षाध्यक्ष एस. निजलिंगप्पा यांचे होते. वर्षभरापूर्वीपर्यंत ते म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री होते. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी अधिवेशनाला आर्थिक धोरणावरील एक टिपण पाठविले. वरकरणी चर्चा बँकांची आणि मक्तेदारीची होती; खरी लढत राष्ट्रपतिभवनासाठी होती.

१२ जुलै रोजी काँग्रेस संसदीय मंडळाच्या बैठकीत इंदिरा गांधी यांनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले. कामराज, मोरारजी देसाई, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण यांनी लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने मत दिले. पंतप्रधानांच्या बाजूला फखरुद्दीन अली अहमद एवढेच उरले. ज्यांना पुढे ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखले गेले, त्यातील कामराज यांच्यासारख्यांनीच १९६६ मध्ये इंदिरा गांधींना पंतप्रधानपदापर्यंत पोहोचविले होते. चव्हाण मात्र त्या गटाचे नव्हते. त्यांचे मत विरोधात जाणे पंतप्रधानांना अधिक लागले असावे.

पुढच्या आठवड्यातील घटनांचा वेग आजच्या राजकारणालाही थक्क करणारा आहे. १६ जुलै रोजी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले आणि त्यांनी मंत्रिमंडळ सोडले. १९ जुलै रोजी वटहुकमाद्वारे १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. प्रभारी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा देऊन अपक्ष म्हणून लढण्याचा निर्णय घेतला. दुसरीकडे, संजीव रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून खुद्द पंतप्रधानांची सही होती. ज्याला त्या पाडू इच्छित होत्या, त्याचेच नाव त्यांनी सुचविले होते. पक्षनिष्ठेची औपचारिकता पाळून पक्षनिष्ठाच मोडण्याचे याहून स्पष्ट उदाहरण भारतीय राजकारणात सहसा सापडत नाही.

काँग्रेसच्या मतदारापुढे त्यामुळे दोन्ही बाजूंनी अडचण होती. रेड्डी हे अधिकृत उमेदवार, पण पक्षातील ज्येष्ठांच्या एका गटाने लादलेले. गिरी हे कामगार चळवळीतून आलेले ज्येष्ठ नेते. पण पक्षाच्या निर्णयाविरुद्ध उभे राहिलेले. म्हैसूरच्या आमदारांसाठी तर ते परके नव्हतेच, कारण १९६५ ते १९६७ या काळात ते याच राज्याचे राज्यपाल होते. मात्र राज्यातील पक्षाची सूत्रे निजलिंगप्पा यांच्या हाती होती. ओळख एकीकडे आणि संघटना दुसरीकडे, अशी त्यांची स्थिती होती.

तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख यांचा उल्लेख या कथेत बहुधा ओझरता होतो. मराठी वाचकांना तो पुरेसा वाटणार नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर केंद्रीय अर्थमंत्री राहिलेल्या देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये नेहरू मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. गिरी यांनीही १९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यावरून त्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडणे पसंत केले होते. म्हणजे पक्षशिस्तीच्या या लढाईत, तत्त्वासाठी पद सोडलेले दोन जण काँग्रेसच्या अधिकृत उमेदवारासमोर उभे होते. देशमुखांना स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने पाठिंबा दिला होता. मराठी माणूस म्हणून पक्षभेद विसरून त्यांच्यामागे उभे राहण्याची भूमिका महाराष्ट्रातील सत्ताधारी पक्षाने तेव्हा घेतली नाही.

देशमुख निवडून येणार नाहीत, हे त्यांच्या पाठीराख्यांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती महत्त्वाची ठरली. राष्ट्रपती निवडणुकीत मतदार उमेदवारांपुढे पसंतीचे क्रमांक लिहितो. पहिला क्रमांक देणे बंधनकारक असते, बाकीचे ऐच्छिक. पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत न मिळाल्यास तळातील उमेदवार बाद होत जातात आणि त्यांची मते पुढील पसंतीनुसार वाटली जातात. निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी करून ही दुसरी पसंती रेड्डींसाठी मागितली. हेच निमित्त करून पंतप्रधानांच्या गटाने त्यांच्यावर प्रतिगामी शक्तींशी हातमिळवणी केल्याचा ठपका ठेवला. रेड्डींसाठी पक्षादेश काढण्यास इंदिरा गांधींनी नकार दिला आणि मतदानाच्या तोंडावर काँग्रेसजनांना सद्सद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याचे आवाहन केले. ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्दप्रयोग राजकीय बोलीत रुळला तो तेव्हापासून. पुढे त्याचा इतका वापर झाला की त्यात अंतरात्मा किती आणि हिशेब किती, हे विचारण्याचीही सोय उरली नाही.

१६ ऑगस्टला मतदान झाले आणि २० ऑगस्टला निकाल लागला. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुख यांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ आवश्यक होते. पुढील पसंतीच्या मतांची वाटणी झाल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. पुढील पसंतीच्या मतांनी निकाल लागलेली ही देशातील एकमेव राष्ट्रपती निवडणूक आहे.

या आकड्यांतून निघणारा निष्कर्ष प्रचलित समजापेक्षा थोडा वेगळा आहे. वाटणीत गिरी यांच्या पदरात १८,५६२ पडले; रेड्डींच्या पदरात ९१,८७९. उरलेल्या बारा उमेदवारांची पहिल्या पसंतीची एकूण बेरीज जेमतेम साडेआठ हजार होती. म्हणजे रेड्डींना मिळालेल्या या भरीपैकी किमान ८३ हजार देशमुखांच्या मतपत्रिकांवरूनच आले. देशमुखांच्या सुमारे तीन-चतुर्थांश मतांनी रेड्डींना गिरींच्या वर ठेवले होते. ज्या पक्षांनी काँग्रेसविरोधावर आपले राजकारण उभारले, त्यांच्या मतदारांनी काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराला ठरल्याप्रमाणे पुढची पसंती दिली. नावडत्या उमेदवारापुढे क्रमांक लिहिताना त्यांनी शिस्त पाळली. शिस्त मोडली ती काँग्रेसच्याच घरात, आणि तीही पहिल्याच क्रमांकावर. डावे पक्ष, द्रमुक आणि अकाली दल यांची साथ गिरींना होती; परंतु काँग्रेसमधील मोठ्या गटाची मते फुटल्याशिवाय ती पुरेशी नव्हती.

अंतर तरी किती होते? खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते. गिरींना मत देणाऱ्यांपैकी अवघे तेरा खासदार रेड्डींकडे वळले असते, तर निकाल उलटला असता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १२ नोव्हेंबर रोजी निजलिंगप्पा यांनी पंतप्रधानांना पक्षातून काढले आणि काँग्रेस दुभंगली. म्हैसूरचे सरकार निजलिंगप्पा यांच्या बाजूने राहिले. मतदारांनी मात्र १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील सर्व २७ जागा इंदिरा गांधींच्या काँग्रेसला दिल्या. राष्ट्रपतिपदासाठी आमदारांनी कोणाला मत दिले, हे सामान्य मतदाराला विचारता येत नव्हते. आपण कोणाबरोबर आहोत, हे त्याने स्वतःच्या मतपेटीतून सांगितले.

गिरी यांच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात रेड्डींविरुद्ध वाटल्या गेलेल्या निनावी पत्रकाचा त्यात मुद्दा होता. पदावरील राष्ट्रपती साक्षीसाठी न्यायालयात हजर झाले. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. १९६९ मध्ये पंधरा उमेदवार रिंगणात होते. या अनुभवानंतर १९७४ मध्ये कायदा बदलून दहा सूचक आणि दहा अनुमोदकांची अट घालण्यात आली. १९९७ पासून ही संख्या प्रत्येकी पन्नास आहे. हौशी उमेदवार त्यामुळे दूर झाले. त्याचबरोबर पक्षाच्या पाठबळाविना गिरींसारखे उभे राहणेही अवघड झाले, याची चर्चा फारशी होत नाही.

पक्षांतरबंदी कायदा १९८५ मध्ये आला. तो सभागृहातील मतदानाला लागू होतो. राष्ट्रपती निवडणूक सभागृहाच्या कामकाजाचा भाग नाही. त्यामुळे या निवडणुकीत पक्षांना पक्षादेश काढता येत नाही, असे निवडणूक आयोगाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. राज्यसभा निवडणुकीत २००३ पासून आमदाराला आपले मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावे लागते. राष्ट्रपतींसाठी मात्र राज्यघटनेचे कलम ५५ गुप्त मतदानच सांगते. एकाच आमदाराचे एक मत उघड्यावर आणि दुसरे पूर्णपणे पडद्याआड, अशी ही व्यवस्था आहे. ती सदस्याला पक्षाच्या दडपणापासून वाचविते. ज्या मतदारांनी त्याला निवडून दिले, त्यांच्यापासूनही ती त्याला तेवढीच लपविते.

व्यक्तीऐवजी संपूर्ण पक्षाने निष्ठा बाजूला ठेवण्याचा प्रकार महाराष्ट्राने नंतर अनेकदा पाहिला. शिवसेनेने २००७ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही भैरोसिंह शेखावत यांच्याऐवजी प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला; कारण मराठी अस्मितेचे होते. २०१२ मध्ये तिने प्रणव मुखर्जी यांची बाजू घेतली. जुलै २०२२ मध्ये पक्ष फुटल्यानंतर, महाविकास आघाडीत असतानाही उद्धव ठाकरे यांनी द्रौपदी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला. बंगळुरूतही त्या वर्षी असेच घडले. जून महिन्यात विरोधकांच्या दिल्लीतील बैठकीला हजर असलेल्या देवेगौडा यांच्या जनता दलाने पुढे मुर्मू यांचीच निवड केली.

हे सर्व निर्णय उघडपणे, पक्षाच्या नावावर झाले. म्हणूनच त्यांची चर्चा करता आली, टीकाही करता आली. १९६९ चा संघर्ष विकोपाला गेला, कारण उमेदवाराचे नाव पंतप्रधानांच्या इच्छेविरुद्ध बहुमताने ठरले आणि त्यानंतर ना माघारीला वाट राहिली ना तडजोडीला. रेड्डींना ते पद अखेर १९७७ मध्ये मिळाले. तेव्हा त्यांच्या नावावर आधी सहमती झाली होती आणि मतदानाची वेळच आली नाही.

निर्वाचकगणात आजच्या गणनेनुसार महाराष्ट्राच्या एका आमदाराचे मत १७५, तर कर्नाटकच्या आमदाराचे १३१ मूल्याचे आहे. दोन्ही राज्यांतील प्रादेशिक पक्षांची स्थिती २०२२ च्या तुलनेत बदलली आहे. शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस या दोन्ही पक्षांचे गट आता परस्परविरोधी आघाड्यांत आहेत. जनता दल (धर्मनिरपेक्ष) सप्टेंबर २०२३ पासून राष्ट्रीय लोकशाही आघाडीत आहे. उमेदवार ठरविण्यापूर्वी या पक्षांशी कोण बोलते आणि किती आधी बोलते, हे २०२७ च्या उन्हाळ्यात स्पष्ट होईल.