पेज, पुडी आणि सहाणेवरचं जायफळ

मैत्रिणींनो, पहिला पाऊस पडून नळाला गढूळ पाणी आलं, की घरोघरी लहान मुलांची पोटं बिघडतात आणि घरात दोन पक्ष पडतात. सासूबाई म्हणतात, "पेज पाजा, जायफळ उगाळून द्या." सूनबाई म्हणते, "डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन आणू." या वादात तास-दोन तास जातात, आणि बाळाची जीभ कोरडी पडत जाते.

जुलाबात मूल दगावतं ते बहुधा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. नुसतं पाणी पाजून ही तूट भरत नाही. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने शोषलं जातं आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढलं जातं. ही गोष्ट शास्त्रज्ञांना १९६०च्या सुमारास उमगली. पुढे १९७१ साली बांगलादेशातल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजलं. मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं!

आता आजीची पेज पाहा. तांदळातल्या पिष्टाची पोटात हळूहळू साखर होते, त्यात मीठ घातलेलं असतंच. म्हणजे तत्त्व तेच. ढाक्याच्या संशोधन केंद्रात तर तांदळाच्या पिठाचं जीवनजल करून पाहिलं, आणि कॉलऱ्याच्या रोग्यांचे जुलाब त्याने कमी झाले. आजीला 'का' ठाऊक नव्हतं, पण 'काय' ते ठाऊक होतं. उलट डॉक्टर मंडळी एके काळी पोटाला विश्रांती म्हणून मुलांना दिवस-दिवस उपाशी ठेवत. ते चूक होतं, हे आता तीच सांगतात.

पण म्हणून जुनं सगळं सोनं नव्हे हं! "पाणी दिलं की जुलाब वाढतात" हेही जुनंच, आणि त्याने किती मुलं गेली असतील कोण जाणे. "दात येताहेत, चालायचंच" हेही तसंच. पोटावर बिब्ब्याचे चटके देण्याबद्दल तर बोलायलाच नको.

आणखी एक अडचण आहे. आजीची 'चिमूट' आजीच्याच बोटांची! मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला ते घातक ठरतं. इथे मापच हवं. म्हणून औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी घरात असू द्या. पुडीवर लिहिलेलं सगळं पाणी एकदम घ्या, अर्धी पुडी अंदाजाने कालवू नका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजा. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्या. उरलेलं २४ तासांनी फेकून द्या. अंगावरचं दूध मुळीच तोडू नका. सहा महिन्यांवरच्या मुलाला पेज, मऊ भात, केळं खुशाल द्या. सहा महिन्यांच्या आत मात्र पेज नको. शिवाय डॉक्टरांना विचारून झिंक सुरू करा, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरं करा.

राहिलं जायफळ. सासूबाईंचं मन मोडायला जिवावर येतं खरं, पण इथे ठाम राहा. जायफळ जास्त झालं तर गुंगी येते. मग मूल औषधाने झोपलंय की पाणी आटून मलूल पडलंय, हे कळायचं कसं? डोळे खोल गेले, सहा तासांत शू झाली नाही, शौचातून रक्त पडलं किंवा मूल काही पिईना, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखाना गाठा. आणि वाटेतही चमचा चालू ठेवा.