लंगडण्याची वाट पाहू नये

कळपातील एखादी मेंढी लंगडू लागली, की काटा मोडला असेल किंवा चिखलाने खूर मऊ झाला असेल, असे समजून पुष्कळ मेंढपाळ तिकडे दुर्लक्ष करतात. पावसाळ्यात हा तर्क अनेकदा बरोबरही ठरतो. परंतु खूर कुजण्याचा सांसर्गिक रोगही असाच सुरू होतो. प्रथम खुराच्या बेचकीतील कातडी लाल व ओलसर होते. पुढे दुर्गंधी सुटते आणि खुराचे कवच आतील मांसापासून अलग होऊ लागते. मेंढी गुडघे टेकून चरते, वजन घटते व कोकरांना दूध पुरत नाही.

डायकेलोबॅक्टर नोडोसस या जंतूमुळे हा रोग होतो, हे बेव्हरिज या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात 1941 साली दाखवून दिले. या जंतूचे खरे घर मेंढीचा खूर होय. मातीत तो थोडेच दिवस तग धरतो. म्हणून रोगाचा शोध कुरणात न घेता खुरात घेतला पाहिजे. अडचण एवढीच, की निरोगी दिसणारी मेंढीही जंतू बाळगून असू शकते. केवळ नजरेने कळप निर्दोष ठरविता येत नाही.

स्वित्झर्लंडने यावर ऑक्टोबर 2024 पासून देशव्यापी उपाय योजिला आहे. तेथे दर वर्षी ऑक्टोबर ते मार्च या काळात मेंढ्यांच्या कळपांची तपासणी होते. बेचकीतून बोळ्याने नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत पीसीआर पद्धतीने तपासतात. त्यामुळे घातक जंतू सौम्य जंतूपासून वेगळा ओळखता येतो. दूषित कळपाच्या ने-आणीवर बंदी येते. खुरांना औषधी पाण्याचे स्नान घालून कळप शुद्ध झाल्याचे फेरतपासणीत दिसले, म्हणजे ती उठते.

निरोगी कळपाची तपासणी म्हणजे व्यर्थ खर्च, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. एकाने कळप शुद्ध केला आणि शेजाऱ्याचा तसाच राहिला, तर सामायिक कुरणात पहिल्याचे श्रम वाया जातात. तपासणी सर्वांची आणि एकाच हंगामात झाली, तरच ती फलदायी होते. मात्र रोग सांगणाऱ्याच्या पदरी केवळ बंदीच पडणार असेल, तर तो रोग लपवील. तपासणीबरोबर औषध आणि बंदीच्या काळातील चारा यांची सोय करणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

भारतात जम्मू-काश्मीरमधील मेंढ्यांत हा रोग आढळला आहे. महाराष्ट्रातील धनगर बंधूंचे कळपही चाऱ्यासाठी दूरवर फिरतात, म्हणून येथेही सावधगिरी हवी. लाळ-खुरकुताची लस या रोगापासून संरक्षण देत नाही. तो विषाणूचा निराळा रोग असून त्यात तोंडातही फोड येतात. विकत आणलेला मेंढा चार आठवडे वेगळा बांधावा व त्याचे चारही खूर पाहावेत. एकाच वेळी अनेक मेंढ्या लंगडू लागल्यास ग्रामपंचायत अधिकाऱ्याने पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. दहा टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यात खूर बुडविणे हा उपचार साधा आहे; परंतु तो सगळ्या कळपाला द्यावा लागतो. एक मेंढी वगळली, तर रोग कळपातच राहिला असे समजावे.