आईच्या दुधावर किती ओझं टाकायचं?

ऑगस्टचा पहिला आठवडा जागतिक स्तनपान सप्ताह म्हणून साजरा होतो. भाषणांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येतं: अंगावर पाजलेल्या बाळाला पुढे मधुमेह होत नाही. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि वाक्य अगदीच निराधारही नाही. पण त्यात दोन वेगळे आजार एकत्र कोंबलेले आहेत आणि शक्यतेला हमीचं रूप दिलेलं आहे. बाळाला आईचं दूध मिळालंच पाहिजे, याविषयी दुमत नाही. मात्र त्यासाठी मधुमेहाची भीती घालायची गरज नाही. ती घातली, की उपलब्ध पुराव्यावर अन्याय होतो आणि त्याहून जास्त बाळंतिणीवर.

लहान मुलांत आढळणारा मधुमेह बहुतांशी टाइप-१ असतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते. तान्ह्या वयात गाईच्या दुधातली प्रथिनं पोटात गेल्यानं हे घडत असावं, असा संशय अनेक वर्षं होता. तो तपासण्यासाठी १५ देशांत मोठी चाचणी झाली. घरात हा आजार असलेली आणि जनुकीय धोका असलेली २,१५९ बाळं २००२ ते २००७ या काळात तिच्यात घेतली गेली. वरच्या दुधाची वेळ आली, की काहींना नेहमीची पावडर आणि काहींना प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली पावडर दिली. २०१८मध्ये निष्कर्ष आले. खास पावडर घेतलेल्या गटात ८.४ टक्के आणि नेहमीच्या पावडरीच्या गटात ७.६ टक्के मुलांना मधुमेह झाला, म्हणजे दखल घ्यावा असा फरक नव्हताच. अर्थात ही तुलना दोन पावडरींची होती, आईच्या दुधाची नव्हे. त्याबद्दल नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या १,५५,३९२ मुलांचा २०१७ सालचा अभ्यास अधिक सांगतो. ज्यांना आईचं दूध मुळीच मिळालं नाही, त्यांच्यात टाइप-१चं प्रमाण सुमारे दुप्पट होतं. पण ज्यांना ते मिळालं, त्यांच्यात सहा महिने की बारा, यानं फरक पडला नाही. शिवाय त्या देशांत मुळीच न पाजलेली मुलं फार थोडी. त्यामागे आईचं आजारपण किंवा बाळाचा अशक्तपणा असू शकतो, आणि मग धोका दुधाअभावी वाढला की त्या कारणामुळे, हे वेगळं काढणं अवघड होतं.

टाइप-२ची कथा याहून गुंतागुंतीची आहे. अमेरिकेतल्या पिमा आदिवासींमध्ये या आजाराचं प्रमाण फार मोठं. त्यांच्यातल्या ७२० जणांच्या अभ्यासात, पहिले दोन महिने निव्वळ आईच्या दुधावर वाढलेल्यांना तो कमी होतो, असं १९९७मध्ये दिसलं. पण पाजणारी आई आणि न पाजणारी आई यांच्यात फक्त दुधाचा फरक नसतो. ब्रिटनसारख्या देशात शिकलेल्या, सुस्थितीतल्या बायका जास्त काळ पाजतात, आणि त्यांच्या मुलांचा आहारही चांगला असतो. ब्राझीलमधल्या पेलोटास शहरात शिक्षण-उत्पन्नाचा आणि पाजण्याचा असा घट्ट संबंध नव्हता. दोन्हीकडची मुलं २०११मध्ये शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा ब्रिटनमध्ये दिसणारा वजनाचा आणि रक्तदाबाचा फायदा पेलोटासमध्ये दिसला नाही. बेलारूसमध्ये तर १९९६-९७ साली ३१ प्रसूती रुग्णालयं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटून १७,०४६ माता-बालकांवर प्रयोग झाला. एका गटात पाजण्यासाठी विशेष मदत दिली गेली. तिथे तीन महिन्यांच्या वयाला निव्वळ स्तनपान ४३.३ टक्के होतं, दुसऱ्या गटात अवघं ६.४ टक्के. तरीही साडेअकराव्या वर्षी मुलांच्या वजनात किंवा उपाशीपोटीच्या साखरेत फरक निघाला नाही. यावर रास्त आक्षेप असा, की बेलारूसच्या साऱ्याच आयांनी पाजायला सुरुवात केली होती, त्यामुळे ‘थोडं’ आणि ‘जास्त’ यांची तुलना झाली, ‘काहीच नाही’ची नाही. आक्षेप मान्य. पण मग जितकं जास्त पाजाल तितका मधुमेह लांब, हा हिशेबही सोडून द्यावा लागतो. आपल्याकडे तर धोक्याची मुळं आणखी मागे जातात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत जो अभ्यास चालवला, त्यात बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा बरंच कमी. पण वजन कमी असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानानं टिकून होती. म्हणजे पहिला घोट पिण्याआधीच शरीराची ठेवण बरीचशी ठरलेली असते.

असं छापल्यानं डबाबंद दुधाच्या कंपन्यांचं फावेल, अशी भीती डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना वाटेल. ती अनाठायी नाही. याच कंपन्यांना आवर घालण्यासाठी १९९२चा कायदा करावा लागला. पण स्तनपानाची बाजू मधुमेहावाचून लंगडी पडत नाही. त्याच बेलारूसच्या प्रयोगात, मदत मिळालेल्या गटात पहिल्या वर्षी जुलाबाचा त्रास ९.१ टक्के बाळांना झाला, दुसऱ्या गटात १३.२ टक्के. पाण्याचा भरवसा नाही अशा वस्तीत बाटली उकळायची कशी, या प्रश्नापुढे हा फायदा कितीतरी मोठा ठरतो. गरोदरपणी मधुमेह झालेल्या ज्या बायका अंगावर पाजतात, त्यांना स्वतःला टाइप-२ कमी होतो, असंही निरीक्षणांतून वारंवार दिसलं आहे. उलट अतिशयोक्तीची किंमत मोजावी लागते. दूध कमी आलेल्या किंवा सिझेरियननंतर उशिरा आलेल्या बाईच्या मुलाला दहाव्या वर्षी इन्सुलिन सुरू झालं, की घरातले आणि शेजारचे बोट तिच्याकडेच दाखवतात. पुरावा त्यांना तो अधिकार देत नाही.

उपदेश पुरेसा असता, तर आकडे वेगळे दिसले असते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जन्मानंतर तासाभरात पाजलेल्या बाळांचं प्रमाण देशात ४१.८ टक्के निघालं, आणि सहा महिन्यांखालची निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळं ६३.७ टक्के. पहिल्या तासात बाळ छातीशी धरायला लावणारी परिचारिका हवी, तीही शस्त्रक्रियेच्या खोलीतून नुकत्याच बाहेर आलेल्या बाईजवळ. प्रसूती-रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, पण ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत. पाळणाघराची सक्ती पन्नासांपासून पुढे. बीडहून ऊसतोडीला जाणारी बाई यात कुठेच बसत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि दिवस बुडाला तर खाड्याचे पैसे कापले जातात. तिचं बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं, आणि मोळ्या बांधता बांधता तिनं दर दोन तासांनी त्याला पाजावं, अशी आपली अपेक्षा असते. स्तनपान सप्ताहाचा खर्च भाषणांवर करण्याऐवजी प्रसूतिकक्षातल्या एका जादा परिचारिकेवर, फडाजवळच्या पाळणाघरावर आणि बाळंतिणीच्या बुडालेल्या मजुरीवर व्हायला हवा. त्यानं मधुमेह किती टळेल हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण बाळाला दूध मिळेल, आणि ते मिळवून देण्याची जबाबदारी एकट्या आईवर उरणार नाही.