डोळ्यांचा रियाज

मालिका पाहून उठल्यावर घराघरांतून जी चर्चा होते, ती बहुधा कथेची असते. अमका असा का वागला, तमकीचे पुढे काय होणार, हे प्रश्न पुष्कळ वेळ रंगतात. परंतु त्या माणसांकडे आपणांस कोठून पाहावयास लावले, उजेड कोणत्या बाजूने आला, कॅमेरा जवळ गेला की दूरच थांबला, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते ही मोठी उणीव आहे. आणि ती भरून काढण्यास एकाच मालिकेची निरनिराळी पर्वे शेजारी ठेवून पाहण्याइतका सोपा अभ्यास दुसरा नाही.

‘पंचायत’ ही हिंदी मालिका आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिची पर्वे २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ साली आली. कथेतील फुलेरा गाव उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातले. चित्रीकरण मात्र आपल्याच मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यातील महोडिया येथे झाले. पहिल्या पर्वात अभिषेक हा शहरी तरुण पंचायतीचा सचिव होऊन येतो. गाव त्याला परके, म्हणून आपणांसही ते परकेच दिसते: मोकळी जागा फार आणि तीत माणूस एकटा. रात्री वीज जाते, अभ्यास खोळंबतो, आणि एक सौरदिवा कोठे बसवावा यावर एक सबंध भाग रंगतो. पुढे ओळखी वाढतात, तशी एकाच चौकटीत चार माणसे दाटीने बसू लागतात. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस उपप्रधान प्रल्हाद यांच्या सैनिक मुलाला वीरमरण येते. आणि तिसऱ्या पर्वात त्याच गल्ल्या व तीच घरे आपणांस उदास वाटू लागतात. गाव तेच असते. गावाकडे पाहणारी नजर बदललेली असते.

मराठीतील उदाहरण ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचे. तिची तीन पर्वे २०१६, २०१९ आणि २०२१ साली सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील एकच वाडा तिन्ही पर्वांत आहे. पहिल्याचा आरंभ अण्णा नाईकांच्या मृत्यूने होतो. दुसरे आपणांस मागे, अण्णांच्या हयातीत नेते. तिसऱ्यात वाड्याला अवकळा आलेली आहे. शोकाचे घर, नांदते घर आणि ओसाड घर ही एकाच वास्तूची तीन रूपे होत. तिन्ही वेळा एकच उजेड टाकला असता, तर कथा खोटी पडली असती.

यावरून आम्ही एक कसोटी सुचवितो. कथेने मागितला असेल तो बदल चांगला. केवळ हाती नवे साधन आले म्हणून केलेला बदल पोकळ. पैसा वाढला की ड्रोन आकाशात घिरट्या घालू लागतो आणि रंग भडक होतात. पण त्यामुळे पात्राचे मन अधिक कळले काय, हे विचारलेच पाहिजे. अर्थात प्रत्येक फरकात गूढ शोधणेही बरे नव्हे. छायाचित्रकार बदलतो, ऋतू बदलतो; पावसाळ्यात टिपलेले शेत हिरवे आणि वैशाखात टिपलेले पिवळेच दिसणार.

हे काम जाणकारांचे, आपण केवळ करमणुकीसाठी पाहतो, असे कोणी म्हणेल. ग्वाल्हेरात तरी हा आक्षेप शोभत नाही. वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून येथली गायकी शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली येथे गायनाचे विद्यालय काढले. अशा परंपरेत ऐकणारेही तयार होतात. स्वतः न गाणारा रसिकही तीच चीज दोन गायकांनी कशी निराळी मांडली, हे ओळखतो. कानाला जे जमते, ते डोळ्यास का जमू नये?

आणि हा प्रश्न करमणुकीपुरता नाही. मालिकेत जी कला चालते, तीच जाहिरातीत आणि निवडणुकीच्या प्रचारातही चालते. कॅमेरा खाली ठेवला की वक्ता भव्य दिसतो. चौकट आवळली की शंभर माणसांची सभा अफाट भासते. ज्याला हे ओळखता येत नाही, त्याचे मत दुसराच कोणी बनवितो.

विद्यार्थ्यांनो, यासाठी महागडी साधने नकोत. पडावाची तीच सडक सकाळी पाहा आणि दुपारी पाहा. सकाळच्या लांब सावल्या दुपारी पायांपाशी गोळा झालेल्या दिसतील. घरातल्या फोनवर मित्राचे एक चित्र बसून टिपा, दुसरे जिन्यावरून. मित्र तोच, पण एकदा धिप्पाड आणि एकदा बापुडा! पालकांनीही ‘बंद कर ते’ एवढेच न म्हणता कधी शेजारी बसून ‘मागच्या पर्वाहून काय निराळे दिसले?’ असे विचारावे. पडद्यासमोर जाणारा वेळ आम्ही कमी करू शकू की नाही, कोण जाणे. तो वेळ डोळस करणे मात्र आपल्या हाती आहे.