श्रीलंका : युद्ध संपले, हिशेब बाकी आहे

श्रीलंकेतील गृहयुद्ध संपल्याची घोषणा तेथील सरकारने १९ मे २००९ रोजी केली. जुलै १९८३ मध्ये भडकलेला हा वणवा विझण्यास जवळजवळ सव्वीस वर्षे लागली. मात्र तोफा थंडावल्या म्हणजे शांती नांदू लागली, असे होत नाही. या युद्धाचा अखेरचा काळ व त्याचे परिणाम पाहता हे सत्य आपल्याला प्रकर्षाने जाणवते.

नॉर्वेच्या मध्यस्थीने २००२ साली झालेला शस्त्रसंधी सरकारने जानेवारी २००८ मध्ये औपचारिकरीत्या संपुष्टात आणला. लष्कर उत्तरेकडे सरकू लागले. मागे हटणाऱ्या लिट्टेबरोबर लाखो तमिळ नागरिक मुल्लैतीवूच्या किनाऱ्याकडे ढकलले गेले. समोरून लष्कराचा तोफमारा, तर निसटू पाहणाऱ्यांवर लिट्टेच्याच गोळ्या, अशा कात्रीत हे निरपराध सापडले. अखेरच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिकांचा बळी गेला असावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली नमूद केले. सिंहली व तमिळ भाविक जेथे एकत्र गुडघे टेकतात, त्या मडू मातेच्या तीर्थक्षेत्रालाही युद्धाने सोडले नाही. एप्रिल २००८ मध्ये धर्मगुरूंना मातेची मूर्ती तेथून हलवावी लागली. जाफन्याचे फादर फ्रान्सिस जोसेफ १८ मे २००९ रोजी शरण जाणाऱ्यांसोबत होते. त्यानंतर ते कोणालाही दिसले नाहीत.

मन्नारचे बिशप रायप्पू जोसेफ यांनी जानेवारी २०११ मध्ये सरकारी आयोगापुढे एक साधी वजाबाकी मांडली. ऑक्टोबर २००८ मध्ये वन्नी प्रदेशात सरकारी नोंदीप्रमाणे ४,२९,०५९ लोक होते. त्यांपैकी सरकारी हद्दीत आले २,८२,३८०. मग उरलेल्या १,४६,६७९ जणांचे काय झाले? हे सारे मृत आहेत, असा त्यांचा दावा नव्हता. आपल्या लेकरांचा ठावठिकाणा मागणाऱ्या मेंढपाळाचा तो प्रश्न होता. बिशप महोदय २०२१ साली प्रभुचरणी विलीन झाले; प्रश्न अनुत्तरितच राहिला. बेपत्ता व्यक्तींसाठी कार्यालय स्थापन करणारा कायदा २०१६ साली झाला, तरी २०१७ पासून किलिनोच्चीत मातांना रस्त्यावर बसावे लागले.

सत्य दडपले की जखम चिघळते. २१ एप्रिल २०१९ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशी, श्रीलंकेतील चर्चेस व हॉटेलांत स्फोट होऊन अडीचशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले. हल्लेखोर वेगळे, कारणेही वेगळी. परंतु कार्डिनल माल्कम रंजित यांच्यासह सिंहली कॅथलिक कुटुंबेही तेव्हापासून सत्याचीच मागणी करीत आहेत. तमिळ मातेचे व सिंहली मातेचे अश्रू येथे एक होतात. २०१५ साली श्रीलंकेस भेट देताना पोप फ्रान्सिस यांनी सांगितले होते, की सत्याचा शोध हा जुन्या जखमा उघडण्यासाठी नसून न्याय व ऐक्यासाठी आवश्यक आहे.

या साऱ्याशी आपला कोल्हापूरकरांचा काय संबंध? आपल्याच वळिवडे गावी १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य कॅथलिक स्त्रिया व मुले होती. महायुद्ध १९४५ साली संपले, परंतु छावणी १९४८ पर्यंत होती; कारण अनेकांचे गावच सोव्हिएत सीमेत गेले होते. त्यांच्यामागून फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव त्याच जागी आले आणि गांधीनगर उभे राहिले. छावणीत आलेला निर्वासित येथे शेजारी झाला, नागरिक झाला.

तमिळनाडूतील छावण्यांत मात्र हजारो श्रीलंकन तमिळ आजही दिवस कंठीत आहेत. त्यांच्या नातवंडांचा जन्म भारतात झाला, तरी ती निर्वासितच मानली जातात. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातही श्रीलंकेचा समावेश नाही. कायद्याचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु "मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले" असे म्हणणाऱ्या प्रभूच्या अनुयायांनी या बांधवांसाठी प्रार्थनेबरोबर आवाजही उठविला पाहिजे. वळिवड्याला जे साधले, ते अन्यत्र अशक्य का मानावे?