एकट्याच्या कुलपाने भागणार नाही

२७ जून २०१७ रोजी न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल अचानक थंडावले. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे आणि कोणत्या जहाजावर चढवायचा आहे, हे सांगणारी संगणक यंत्रणाच बंद पडली. हाताने नोंदी करत काम रेटायची वेळ आली. हे टर्मिनल चालवत होता मर्स्क हा डॅनिश समूह. मर्स्कच्या संगणकांत शिरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमचा उगम मात्र युक्रेनमध्ये होता. तिथले व्यावसायिक करभरणीसाठी ‘एम. ई. डॉक’ नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरत. ते पुरवणाऱ्या छोट्या कंपनीचा सर्व्हर हल्लेखोरांनी ताब्यात घेतला आणि नेहमीच्या अपडेटमधून विष पाठवले. पुढे अमेरिका आणि ब्रिटनने या हल्ल्याला रशियन लष्कर जबाबदार असल्याचे जाहीर केले. भांडण रशिया-युक्रेनचे, कंटेनर साचले न्हावा-शेव्यात.

मर्स्कला दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. फटका २५ ते ३० कोटी डॉलरचा बसला. बाकी सगळीकडची संगणक-जाळ्याची मूळ माहिती पुसली गेली असताना घानातल्या कार्यालयातली एक प्रत तेवढी शाबूत राहिली, कारण ऐन वेळी तिथली वीज गेली होती! एवढी बलाढ्य कंपनी तरली ती भारनियमनासारख्या योगायोगावर.

हल्ला एकावर, झळ भलत्यालाच: त्यानंतरच्या मोठ्या हल्ल्यांकडे पाहिले की हाच साचा दिसतो. जुलै २०२४ च्या अखेरीस देशातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांचे यूपीआय आणि एटीएम व्यवहार विस्कळीत झाले. त्यात सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. हल्ला यांतल्या एकाही बँकेवर झालेला नव्हता. या बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या एकाच कंपनीला खंडणीखोरांनी गाठले होते. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यातून तोडले आणि खातेदार एटीएमसमोर ताटकळले. पुढच्या वर्षी टाटा समूहाच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचे ब्रिटनमधले कारखाने सायबर हल्ल्यामुळे सप्टेंबरभर बंद राहिले. ब्रिटनच्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने नुकसानीचा अंदाज दिला १.९ अब्ज पौंड. झळ बसलेल्या संस्था पाच हजारांवर, आणि त्यांत सुटे भाग बनवणाऱ्या असंख्य छोट्या पुरवठादारांचा भरणा.

तरीही आपल्याकडे उद्योजकाला सल्ला दिला जातो तो एकट्यादुकट्याला दिल्यासारखा. पासवर्ड बदला, अँटिव्हायरस घ्या, कर्मचाऱ्यांना सावध करा. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. भोसरी, सातपूर किंवा वाळूजच्या पंधरा-वीस माणसांच्या कारखान्यात संगणकाचे काम पाहतो कोण? बहुधा ज्याच्याकडून संगणक घेतला तोच दुकानदार, तोही बोलावल्यावर. टॅलीचा सगळा डेटा ऑफिसातल्या एका मशीनवर. बॅकअप म्हणून घेतलेली हार्ड डिस्क त्याच मशीनला वर्षभर जोडलेली. खंडणीखोर प्रोग्रॅम शिरला की मूळ डेटाबरोबर ती डिस्कही कुलूपबंद होते. घानात वीज गेल्याने जे घडले, ते इथे रोज संध्याकाळी डिस्क काढून कपाटात ठेवल्याने घडेल. खर्च शून्य. पण हे येऊन सांगणारे कुणी नसते.

पैशांच्या चोरीचेही तसेच. जुन्या पुरवठादाराकडून मेल येते: बँक खाते बदलले आहे, यापुढचे पैसे नव्या खात्यात भरा. लेटरहेड तेच, शिक्का तोच, थकीत बिलाचा आकडाही बरोबर, कारण चोर आठवडाभर कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये बसून सगळा पत्रव्यवहार वाचत असतो. फरक फक्त पत्त्यात: इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे चिकटून बसलेली. दिवसाला चाळीस मेल पाहणाऱ्या अकाउंटंटला ते दिसेल अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. वहीतल्या जुन्या नंबरवर पुरवठादाराला फोन लावून विचारल्याशिवाय खाते बदलायचे नाही, एवढा नियम पुरेसा ठरतो. मात्र तो दोन्ही बाजूंनी पाळायला हवा. समोरच्याचा मेलबॉक्स फुटलेला असेल, तर आपला पासवर्ड कितीही अवघड असून उपयोग काय?

बड्या कंपन्यांना हे कळत नाही असे नाही. त्या पुरवठादारांना सायबर सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली पाठवतात. फायरवॉल आहे का? घटनेला प्रतिसाद देण्याचे लेखी धोरण आहे का? ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून छोटा उद्योजक प्रत्येक रकान्यात ‘हो’ लिहितो, कंपनीचा ऑडिटर ते कागद फायलीला लावतो. कागदोपत्री सगळे आलबेल!

हा प्रश्न सामायिक आहे आणि त्यावर उपायही सामायिकच हवा. त्यासाठी एमआयडीसीला परका नसलेला एक नमुना आहे. प्रत्येक छोट्या रासायनिक कारखान्याला स्वतःचे सांडपाणी शुद्ध करणे परवडत नाही, म्हणून औद्योगिक वसाहतींत सामायिक प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. तशीच वसाहतीतल्या दोन-तीनशे कारखान्यांनी मिळून सायबर तज्ज्ञांची लहान तुकडी ठेवावी. बॅकअप खरोखर परत उघडतो का हे तिने महिन्याला तपासावे, बंद न केलेली दूरस्थ जोडणी शोधावी, हल्ला झालाच तर तासाभरात शेडवर पोहोचावे. वर्गणी उद्योजकांची, सुरुवातीचे भांडवल त्यांच्याकडून माल घेणाऱ्या कंपन्यांचे. सांडपाणी केंद्रांचा अनुभव काही निखळ चांगला नाही. तारापूरच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. त्यामुळे या तुकडीच्या कामाची दरवर्षी बाहेरून तपासणी हवी, हेही ओघाने आलेच.

‘ज्याचा धंदा, त्याची राखण’ हा आक्षेप येईल. तो वरवर पटण्याजोगा आहे, पण सहकारी बँकांचा अनुभव वेगळे सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये लुटले गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून रोकड काढली गेली, शिवाय सुमारे चौदा कोटी हाँगकाँगला वळवले गेले. २०१९ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांचे चार स्तर केले आणि ज्या बँकेचे डिजिटल व्यवहार जितके खोल, तितकी तिची सुरक्षेची जबाबदारी कडक केली. प्रत्येकाने आपापले पाहावे, असे म्हणून रिझर्व्ह बँक थांबली नाही. कारखानदारीला अशी पायरीपायरीची चौकट नाही. आहे तो सर्ट-इन या केंद्रीय संस्थेचा २०२२ चा आदेश: हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. वीस माणसांच्या कारखान्यात ते सहा तास नेमके काय झाले हे समजण्यातच जातात. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर पहिल्या तासातच फोन करावा, म्हणजे रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता राहते. हे दोन्ही संपर्क प्रत्येक शेडच्या भिंतीवर मराठीत लावणे औद्योगिक संघटनांना आजही अशक्य नाही.

पुरवठादारांच्या दृष्टीने याहून निकडीची गोष्ट पैशांची आहे. जग्वारची यंत्रणा बंद असताना ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. कंपनीने पुरवठादारांना आगाऊ पैसे देण्याची योजना आणली ती ऑक्टोबरमध्ये, उत्पादन पुन्हा सुरू होण्याच्या सुमारास. तोवर छोट्यांनी आठवडे तग धरून काढले होते. पुण्या-नाशिकच्या औद्योगिक संघटनांनी पुढच्या दरकराराच्या बैठकीत परचेस ऑर्डरमध्ये एक अट घालून घ्यावी: खरेदीदाराची संगणक यंत्रणा हल्ल्याने बंद पडली, तरी आधी पोहोचलेल्या मालाचे पैसे ठरल्या तारखेला, गरज पडल्यास हाताने धनादेश लिहून द्यायचे.