मुका संगणक आणि आजीच्या ओव्या

या सदरात आपण एरवी खते, बियाणे आणि फवारणीवर बोलतो. आज विषय जरा निराळा आहे, पण निघाला तो कांद्याच्या वाफ्यातूनच.

गेल्या पौषात चाकणजवळच्या एका वस्तीवर कांद्यावरचे फुलकिडे पाहायला गेलो होतो. त्या घरची दोन एकर जमीन मागेच कारखान्यांकडे गेली. थोरला मुलगा तिकडेच पाळीवर जातो आणि उरलेल्या तीन एकरांत आईवडील कांदा-बटाटा घेतात. पीक पाहून ओसरीवर चहाला बसलो, तर वहिनी म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला कॉम्प्युटरातलं कळतं का हो? आमचा मुका झालाय."

मुलाने जुन्या बाजारातून कचेरीतला वापरलेला संगणक आणला होता. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली, आणि त्यापुढच्या विंडोजला जुनी यंत्रे चालत नाहीत. असली यंत्रे स्वस्तात मिळतात. त्यावर पोराने लिनक्स मिंट टाकले होते. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. ते फुकट मिळते, आणि एकदा घेतले की चार जणांना वाटायलाही मुभा. घरच्या बियाण्यासारखेच म्हणा ना. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि अदलाबदलीचा हक्क दिला आहे, तशीच ही गोष्ट.

असो. मुकेपणाची खंत वेगळीच होती. वहिनींच्या सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. पंधरा वर्षांपूर्वी घरातल्या लग्नाची हळद दळताना त्यांनी जात्यावर ओव्या म्हटल्या, त्या नातवाने बटणाच्या मोबाईलवर टिपून घेतल्या होत्या. तो मोबाईल कधीच मोडला, पण त्यातले कार्ड वहिनींनी कुंकवाच्या डबीत जपून ठेवले होते. आठ दिवसांवर वर्षश्राद्ध आले होते. माहेरवाशिणी येणार, त्यांना आईचा आवाज ऐकवावा, एवढीच इच्छा. कार्डावरच्या सात फायली संगणकात आल्या खऱ्या, पण एकही वाजेना. एका दुकानदाराने सांगितले की साउंड कार्ड जळाले आहे, अठराशे रुपये पडतील, आणि फायली खराब आहेत, त्या पुसून टाका. घरधनी पुसायला तयारही झाले होते. "जीव नुसता टांगणीला लागला," वहिनी म्हणाल्या.

मी काही संगणकातला तज्ज्ञ नव्हे. तालुक्याच्या कचेरीत अहवाल भरता भरता जे शिकलो तेवढेच. पण मोटर चालू असून पाणी येत नसेल तर आपण आधी मोटर खोलत नाही, व्हॉल्व्ह बघतो. म्हणून ध्वनीच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे 'आउटपुट'च्या यादीत आवाज एचडीएमआयच्या वायरीने पडद्याकडे चालला होता, आणि त्या पडद्याला स्पीकरच नव्हता! खालची 'ॲनॉलॉग' ओळ निवडली, स्पीकरची पिन हिरव्या भोकात घातली आणि चाचणीचे बटण दाबले. स्पीकरातून बाई इंग्रजीत बोलली. कार्ड जळालेले नव्हते. अठराशे वाचले.

मग पोराने एक अभंग लावला, तो खणखणीत वाजला. आजीच्या ओव्या मात्र गप्पच. इथे माझ्याकडूनही एक शहाणपणा झाला, तो सांगून टाकतो. अभंगाच्या फायलीच्या नावापुढे 'एमपी३' होते, ओव्यांपुढे 'एएमआर'. मी ओवीच्या एका प्रतीचे नाव बदलून एमपी३ केले. काही झाले नाही. गोणीवरचे लेबल बदलून आतले बी बदलते का?

खरी गोष्ट अशी की आवाज साठवायच्या लिप्या वेगवेगळ्या असतात. आपल्या जमिनीचे जुने दस्त मोडीत आहेत. ते वाचता येत नाहीत म्हणून कोणी फाटके समजून चुलीत घालत नाही, मोडी जाणणारा माणूस शोधतात. एएमआर ही मोबाईलवरच्या बोलण्यासाठी केलेली लिपी, १९९९ साली ठरलेली. फार थोड्या जागेत मावते, एका मिनिटाला शंभर केबीसुद्धा लागत नाहीत. जुन्या मोबाईलना जागा थोडी, म्हणून त्यांचा रेकॉर्डर हीच लिपी वापरी. ती वाचणाऱ्या प्रोग्रामला कोडेक म्हणतात.

आता तो कोडेक लिनक्सबरोबरच का येत नाही? कारण पेटंट. एमपी३ मागे जर्मनीची फ्राउनहोफर ही संस्था होती. तिचा परवाना देण्याचा व्यवहार २३ एप्रिल २०१७ ला संपला आणि एमपी३ मोकळे झाले. बाकीच्या काही लिप्यांवर परदेशांत हक्कांची गुंतागुंत उरली. म्हणून लिनक्सवाल्यांनी आपल्या जीस्ट्रीमर या प्रोग्रामचे कोडेक 'गुड', 'बॅड' आणि 'अग्ली' अशा गाठोड्यांत बांधले. नावे १९६६ च्या एका गाजलेल्या काउबॉय सिनेमावरून घेतली. 'अग्ली' म्हणजे माल चांगला, पण कोर्टकचेरीची भीती असलेला. एएमआर पूर्वी त्यातच असे. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३ मोठे वाचनीय आहे. शेती करण्याच्या पद्धतीला पेटंट नाही असे ते म्हणते, आणि त्याच कलमात थोडे खाली नुसत्या संगणक प्रोग्रामलाही नाही. शेतकरी आणि प्रोग्रामवाला एकाच बांधावर बसवले आहेत.

हे सगळे सांगायला वेळ लागतो, करायला नाही. मिंटच्या मेनूत 'साउंड अँड व्हिडिओ' या सदरात 'इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स' अशी ओळ असते. पोराच्या मोबाईलचे इंटरनेट वायरीने जोडले, ती ओळ दाबली, पासवर्ड दिला. दहा मिनिटांत काम झाले. ती ओळ कोणाला सापडली नाही, तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून व्हीएलसी घ्यावा. त्याच्या चित्रात रस्त्यावरचा नारिंगी शंकू असतो. तो बहुतेक लिप्या स्वतःच जाणतो. (बहुतेक अँड्रॉइड मोबाईलवरही या फायली वाजतात, हे मला परतीच्या वाटेवर सुचले!)

पहिली ओवी लागली तेव्हा घरधनी उठून बाहेर गेले. आवाज फोनवरून आल्यासारखा दबका होता, कारण ही लिपी बोलण्यापुरतेच टिपते, जात्याची घरघर अर्धी गाळते. गाळलेले परत आणता येत नाही. म्हणून कोणी "एमपी३ करून आवाज सुधारून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका. दुसऱ्या लिपीत प्रत जरूर करावी, पण मूळ फाईल पुसू नये. आम्ही सातही फायली एका पेनड्राइव्हवर घेतल्या आणि तो धाकट्या लेकीच्या घरी भोसरीला ठेवायचे ठरले. एका घरी एकच प्रत म्हणजे एकाच कणगीत सगळे बी.

ज्यांच्या घरी अशा ओव्या नाहीत, त्यांनीही एक लक्षात ठेवावे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून आपल्याच मावळ-मुळशीत आणि पुढे राज्यभर फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या काहींचे ध्वनिमुद्रण केले. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो ठेवा आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाकडे आहे. त्यात तुमच्या आजोळच्या गावाचे नाव निघेलही.

फुलकिड्यांचे बोलणे त्या दिवशी राहूनच गेले, ते दुसऱ्या दिवशी फोनवर उरकले. मी निघालो तेव्हा वहिनी तिसरी ओवी पुन्हा पुन्हा लावत होत्या. तिच्यात मागे कुठेतरी घंटा वाजते. "ती आमच्या कपिलेची," त्या पोराला सांगत होत्या, "तू तेव्हा तिला बांधायला गेला होतास."